चित्राखालची एक ओळ: कॅप्शन स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

'द न्यूयॉर्कर' या अमेरिकी साप्ताहिकाच्या शेवटच्या पानांपैकी एकावर एक व्यंगचित्र छापलेलं असतं आणि त्याखाली काहीच लिहिलेलं नसतं. ओळ वाचकांनी सुचवायची. १९९८ मध्ये ही स्पर्धा वर्षातून एकदा होणारी म्हणून सुरू झाली आणि एप्रिल २००५ पासून ती दर आठवड्याची झाली. त्या पानावर एका वेळी तीन चित्रं दिसतात. एक कोरं, ज्याच्यासाठी ओळी मागवलेल्या असतात. दुसरं काही आठवड्यांपूर्वीचं, ज्याखाली निवडलेल्या तीन ओळी असतात आणि त्यांवर वाचकांनी मत द्यायचं असतं. तिसरं त्याही आधीचं, विजेत्या ओळीसह. दर आठवड्याला हजारो ओळी येतात.

चित्र काढता न येणाऱ्या माणसालाही इथे अर्ध्या विनोदाची मालकी मिळू शकते, हे या स्पर्धेचं पहिलं आकर्षण. दुसरं असं, की नावाचा आणि पदाचा इथे काही उपयोग होत नाही. रॉजर ईबर्ट हे शिकागोचे चित्रपट समीक्षक, पुलित्झर पुरस्कार मिळवलेले लेखक. ते २०११ मध्ये जिंकले, तोवर त्यांच्या शंभराहून अधिक ओळी वाया गेल्या होत्या.

नवख्यांच्या ओळी पडतात त्या बहुतेक दोन कारणांनी. एक तर ओळ चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगते, किंवा चित्र नसतं तरी चालला असता असा सुटा विनोद सांगते. कॅप्शनमध्ये विनोदाचा अर्धा भाग चित्रात असतो, अर्धा ओळीत, आणि दोन्ही जुळतात ते वाचकाच्या डोक्यात. ते जुळवण्याचं काम वाचकाकडे राहू द्यायचं, आपण करून टाकायचं नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

एका ओळीची रीत कुठून आली

लंडनचं 'पंच' १८४१ मध्ये सुरू झालं. त्यातल्या जुन्या चित्रांखाली बऱ्याचदा नाटकाच्या पुस्तकासारखा संवाद छापलेला असे: कोण बोललं, काय बोललं, त्यावर दुसऱ्याचं उत्तर. संवाद एकटा वाचला तरी विनोद कळायचा आणि चित्र बहुधा शोभेपुरतं उरायचं. १९२५ मध्ये 'न्यूयॉर्कर' निघाल्यावर एका पात्राच्या तोंडी एकच ओळ ही रीत तिथे पक्की झाली. संस्थापक-संपादक हॅरॉल्ड रॉस चित्र पाहताना विचारत असत, यात बोलतंय कोण? हा प्रश्न नवख्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

चित्र एकाचं आणि ओळ दुसऱ्याची, हेही त्या कचेरीत जुनंच आहे. डिसेंबर १९२८ मधलं एक गाजलेलं चित्र कार्ल रोझ यांनी काढलं, ओळ मात्र ई. बी. व्हाइट यांनी लिहिली. आई मुलाला सांगते की ही ब्रोकोली आहे, आणि मूल ठामपणे म्हणतं की हा पालकच. स्पर्धेने कचेरीतलं हेच काम वाचकांच्या हाती दिलं.

मराठीत याच्या अगदी दुसऱ्या टोकाची परंपरा फार मोठी आहे. शि. द. फडणीस यांची दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची हास्यचित्रं आठवा. त्यांत शब्द नसतो आणि लागतही नाही. अशा चित्राखाली ओळ मागता येत नाही, कारण चित्राने सगळं सांगून टाकलेलं असतं, ओळ शिरेल एवढी फटही राहिलेली नसते. स्पर्धेचं चित्र मुद्दाम अपुरं ठेवलेलं असतं. एखादं चित्र स्पर्धेला चालेल की नाही, हे या एका कसोटीवर सांगता येतं.

सुरुवातीला नियम वाचा

'न्यूयॉर्कर'च्या नियमांत अनेक वर्षं अमेरिका, क्वेबेक वगळता कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि आयर्लंड इथल्या रहिवाशांनाच भाग घेता येईल अशी अट होती. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला त्यामुळे दार उघडं आहे. पुण्या-नागपुरातून पाठवायचं असेल तर त्या आठवड्याचे नियम आधी तपासा. माणशी एकच ओळ घेतली जाते आणि ओळीची लांबी २५० अक्षरांपर्यंत, मोकळ्या जागा धरून. ही मर्यादा आहे, एवढं लिहायलाच हवं असं नाही. अडीचशे अक्षरं भरलेली ओळ जवळजवळ नक्की पडते.

ओळ लिहिण्याचं तंत्र मात्र कुठल्याही भाषेत आणि कुठल्याही स्पर्धेत चालतं: सोसायटीच्या गणपतीतली स्पर्धा असो, कॉलेजच्या भित्तिपत्रकातली असो किंवा एखाद्या अंकातली. म्हणून इथला सराव मराठीत केला आहे.

सरावाचं चित्र

डोळ्यांसमोर आणा. सरकारी कचेरी. जाळीची खिडकी, आत चष्मा लावलेला कारकून, तोंड उघडं, एक बोट वर. खिडकीसमोर यम उभा आहे: मुकुट, गदा, खांद्यावर पाश. शेजारी रेडा. यमाच्या मागे रांगेत दोघं. एक म्हातारे गृहस्थ, काखेत फाइल, मनगटावरच्या घड्याळाकडे बघताहेत. त्यांच्या मागे कापडी पिशवी घेतलेल्या बाई, त्या रेड्याकडे बघताहेत. कोणीही घाबरलेलं नाही.

यम हा आपल्या दिवाळी अंकांतला जुना पाहुणा, तसा अमेरिकी मासिकांत काळा झगा घातलेला, हातात विळा धरलेला मृत्यू. निर्जन बेट, मानसोपचारतज्ज्ञाचा कोच, स्वर्गाचं दार ही तिकडची ठरलेली ठिकाणं. आपल्याकडे चाळीचा नळ, साडीचं दुकान, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, डॉक्टरांची खोली. ही ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात ती आळसामुळे नव्हे. कुठे आहोत हे वाचकाला क्षणात कळतं आणि त्याचं सगळं लक्ष ओळीला मिळतं. सरावासाठी म्हणूनच जुनंच पात्र घ्यावं.

पायरी १: दोन मिनिटं नुसतं बघा

पेन खाली ठेवा. मग चित्रात जे जे आहे त्याची यादी करा, किमान दहा गोष्टींची. खिडकी, जाळी, बोट, मुकुट, पाश, रेडा, फाइल, घड्याळ, पिशवी, रांगेतला क्रम. व्यंगचित्रात चुकून काढलेली वस्तू फार कमी असते. शाईने एकेक रेघ ओढणारा माणूस उगाच घड्याळ काढत बसत नाही.

आता रॉस यांचा प्रश्न. बोलतंय कोण? उघडं तोंड शोधा. आपल्या चित्रात ते कारकुनाचं आहे. म्हणजे ओळ कारकुनाची, आणि ती यमाला उद्देशून. यमाच्या तोंडी कितीही सुंदर वाक्य सुचलं तरी ते या चित्राला लागणार नाही. ओळ चुकीच्या पात्राला देणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक, आणि अशी ओळ वाचणारा अर्थ लावायलाही थांबत नाही. त्याची नजर ओळीवरून त्या तोंडाकडे जाते, जुळत नाही, आणि तो पुढे सरकतो. चित्रात गप्प साक्षीदार असतील तर त्यांना गप्पच राहू द्या. आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'चं बळ त्याच्या न बोलण्यातच होतं.

चेहरेही वाचा. कोणी घाबरलेलं नाही, म्हणजे या कचेरीत यमाचं येणं नेहमीचं आहे. "अरे बापरे, यमराज!" ही ओळ म्हणून बाद. कारकुनाचा आवाज रोजचा, जरासा कंटाळलेला असायला हवा. जे विचित्र आहे ते चित्राने दाखवायचं आणि ओळीने त्याकडे बघायचंही नाही, हा या प्रकारातला मूळ ताण आहे.

पायरी २: दोन जगं, दोन रकाने

स्पर्धेच्या चित्रात बहुतेक वेळा दोन न जुळणारी जगं एकत्र आणलेली असतात. इथे यमलोक आणि कचेरी. वहीच्या पानावर उभी रेघ मारा आणि प्रत्येक बाजूला किमान पंधरा शब्द लिहा. सात-आठ झाले की हात थांबतो, तिथे थांबू नका. उपयोगाचे शब्द त्यानंतर येतात.

यमाच्या बाजूला: वेळ, पाश, रेडा, चित्रगुप्त, हिशेब, प्राण, पाप-पुण्य, नरक, सुटका, वर, बोलावणं, शेवटचा श्वास, यादी, जाणं, आयुष्य.

कचेरीच्या बाजूला: रांग, टोकन, दाखला, सही-शिक्का, साहेब, जेवणाची सुट्टी, अर्ज, झेरॉक्स, उद्या या, फाइल, बदली, मुदत, नोंद, राजपत्रित, सर्व्हर बंद.

मग दोन्हीकडे चालतील अशा शब्दांना गोल करा. वेळ. वर, कारण कचेरीत फाइलही 'वर' जाते. यादी. मुदत. नोंद. आणि 'जाणं', कारण साहेबही जातात. बहुतेक चांगल्या ओळी या गोलांतूनच निघतात.

पायरी ३: तीस ओळी

तीस हा आकडा सहज लिहिलेला नाही. सुरुवातीच्या पाच-सात ओळी सगळ्यांनाच सुचतात. या चित्राला त्या कुठल्या असतील हे आताच सांगता येतं: रेड्याचं पीयूसी, मुकुटाऐवजी हेल्मेट, आधार कार्ड, टेबलाखालून काही, आणि मेल्यावरही रांग चुकत नाही. यांतली एखादी वाईटच असते असं नाही. पण दोनशे जणांनी तीच पाठवली की परीक्षकासमोर ती तिसऱ्यांदा येईपर्यंतच शिळी झालेली असते. पहिल्या सात ओळी लिहून काढा, म्हणजे डोकं रिकामं होईल, आणि पुढे जा. दहा ते वीस हा टप्पा कोरडा जातो, तो सगळ्यांचाच जातो. विसाव्याच्या पुढे पुन्हा काही मिळतं. 'न्यूयॉर्कर'चे मुरलेले व्यंगचित्रकारही आठवड्याला दहाच्या आसपास कच्ची रेखाटनं पाठवतात आणि त्यातलं एक घेतलं गेलं तरी आठवडा चांगला गेला असं मानतात.

आपल्या चित्राच्या उत्तरार्धातल्या काही ओळी:

"फाइल वर गेलीय. तुम्ही तिथूनच आलात ना?"

"मृत्यूचा दाखला? ज्याचा आहे त्याला घेऊन या."

"सही आहे, पण चित्रगुप्त राजपत्रित नाहीत."

"साहेब? ते कालच गेले."

"ओ रेडेवाले, वाहन बाहेर लावा."

आता यांच्याकडे नीट बघू. "साहेब? ते कालच गेले." ही ओळ इतरांपेक्षा वर का? कारण असं वाक्य कुठल्याही कचेरीत रोज बोललं जातं. कारकून विनोद करत नाहीये, नेहमीचं उत्तर देतोय. समोर यम उभा असल्यामुळे 'गेले' हा शब्द उलटतो. रोजच्या कानावरचं वाक्य घ्यायचं आणि त्याचा अर्थ चित्राला बदलू द्यायचा, ही या प्रकारातली सगळ्यात भरवशाची रीत आहे. शब्दखेळ करताना हीच कसोटी लावा: बोलणारा माणूस हे वाक्य सरळ अर्थाने बोलू शकेल का? शकत नसेल, तर तो शब्दखेळ पात्राचा नसून लिहिणाऱ्याचा आहे, आणि वाचकाला ते कळतं.

पहिल्या ओळीत याच्या उलटं झालंय. "फाइल वर गेलीय" इथे विनोद पूर्ण होतो. "तुम्ही तिथूनच आलात ना?" हे स्पष्टीकरण आहे. यम कुठून आला हे गदा आणि रेडा सांगताहेतच. दुसरं वाक्य कापा.

पायरी ४: कापणं, आणि शेवटचा शब्द

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक कच्ची ओळ घेऊ:

"यमराज, तुम्ही प्राण न्यायला आला असलात तरी आता आमची जेवणाची वेळ झाली आहे, त्यामुळे तुम्हाला थांबावं लागेल."

पहिला काप: चित्रात दिसतं ते काढा. 'यमराज' गेला, 'प्राण न्यायला' गेलं.

"आता आमची जेवणाची वेळ झाली आहे, त्यामुळे तुम्हाला थांबावं लागेल."

दुसरा काप: परिणाम सांगणारा भाग काढा. 'त्यामुळे', 'म्हणून', 'तरीसुद्धा' असे शब्द दिसले की पुढचा भाग बहुधा नको असतो. वाचक ते जोडतो.

"आता आमची जेवणाची वेळ झाली आहे."

ओळ लहान झाली, पण विझली. 'वेळ झाली' या शब्दांत दोन्ही जगं होती, आणि 'जेवणाची' आधी आल्यामुळे यमाची वेळ वाचकाच्या मनात आलीच नाही. क्रम फिरवा:

"वेळ झालीय खरी. पण जेवणाची."

आता 'वेळ झालीय' ऐकताना वाचक यमाच्या अर्थाने जातो आणि शेवटच्या शब्दावर कचेरीत परत येतो. शब्द पाच.

मराठीत लिहिताना ही क्रमाची अडचण वारंवार येते, कारण आपलं वाक्य आपसूक क्रियापदावर संपतं. आहे, होतं, लागेल, झालंय. विनोदाचा शब्द येऊन गेल्यावरही वाक्य दोन-तीन अक्षरं चालू राहतं आणि हसू तिथेच ओसरतं. यावर चार उपाय आहेत.

क्रियापद गाळा. बोलताना आपण ते सहज करतो: "साहेब जेवायला गेले आहेत" याऐवजी "साहेब जेवायला." वाक्य तोडा, वरच्या उदाहरणासारखं, म्हणजे दुसरा तुकडा क्रियापदाशिवाय उभा राहतो. क्रम उलटा करा, बोलीत चालतो तेवढाच: "थांबा जरा, सर्व्हर बंद." चौथा उपाय सगळ्यात देखणा, तो म्हणजे क्रियापदावरच विनोद ठेवणं. "ते कालच गेले" मध्ये तेच झालंय. इथे मराठीचा वाक्यक्रम अडचण न राहता उपयोगी पडतो. गेले, उठले, सुटले, उरकलं, लागली, चढली अशा दुहेरी अर्थाच्या क्रियापदांची एक यादी वहीच्या मागच्या पानावर वाढवत ठेवावी.

लांबीचा अंदाज म्हणून, मराठीत पाच ते नऊ शब्द पुरतात. प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्यामुळे इंग्रजीपेक्षा आपल्याला कमी शब्द लागतात. बारांच्या वर गेलात तर प्रत्येक जास्तीच्या शब्दाला कारण विचारा.

पायरी ५: आवाज

ओळ माणसाच्या तोंडची वाटली पाहिजे. मराठीत ते ठरतं संबोधनावर आणि बारीक शब्दांवर.

"यमराज, आपलं वाहन कृपया बाहेर लावावं." हे वाचा, मग "ओ रेडेवाले, वाहन बाहेर लावा." हे वाचा. पहिल्यात कारकुनाला समोर कोण आहे याचं दडपण आलंय. दुसऱ्यात तो, खिडकीपाशी बसणारी माणसं हाक मारतात तशी, समोरच्याच्या हातात जे दिसतं त्यावरून हाक मारतो: ओ पिशवीवाले, ओ स्कूटरवाले. देवही त्याला 'रेडेवाला'च. तू, तुम्ही, आपण, अहो, ओ यांतलं कोणतं घ्यायचं हे नात्यावरून ठरवा, आणि ठरवल्यावर ओळीच्या मध्येच बदलू नका.

च, ना, की, हं, बरं, तेवढं, म्हणे हे शब्द अर्धा मजकूर सांगतात. "उद्या या" आणि "उद्याच या ना" यांतली माणसं वेगळी आहेत. पण एका ओळीत असा एकच शब्द पुरे, दोन झाले की नाटक वाटतं. बोलीभाषा वापरायची तर जी घरात बोलली जाते तीच वापरा. ऐकीव मालवणी किंवा वऱ्हाडी पहिल्याच प्रत्ययाला उघडी पडते.

विरामचिन्हं कमीत कमी. उद्गारचिन्ह जवळजवळ कधीच नको, कारण ते शांत आवाज मोडतं. टिंबांची रांगही नको. पात्र बोलत असेल तर ओळ अवतरणचिन्हांत. कोणी बोलत नसेल आणि ओळ चित्राचं नाव म्हणून येत असेल तर चिन्हं नकोत.

पायरी ६: तपासणी

तीन ओळी निवडा आणि वही मिटा. रात्र जाऊ द्या. सकाळी चित्र हाताने झाका आणि ओळ वाचा. एकटी ओळ पूर्ण विनोदी वाटली तर ती चित्राची नाही, कुठेही चिकटेल. मग ओळ झाका आणि चित्र बघा. ओळीतली माहिती चित्रातच मिळत असेल तर ती वर्णन करतेय.

त्यानंतर एका माणसाला दाखवा, चित्र आणि ओळ एकत्र, काही न सांगता. दोन-तीन सेकंदांत चेहरा बदलला पाहिजे. त्याने "म्हणजे?" विचारलं आणि तुम्ही समजवायला लागलात, की ती ओळ बाजूला ठेवा. समजावताना तुमच्या तोंडून जे वाक्य निघालं ते मात्र टिपून घ्या, कधीकधी तेच मूळ ओळीपेक्षा सोपं असतं. तिन्ही ओळी एकाच माणसाला दाखवू नका. पहिल्या ओळीनंतर त्याला चित्र कळलेलं असतं आणि पुढच्या ओळींना खरी प्रतिक्रिया मिळत नाही.

पाठवल्यानंतर आत काय होतं

पूर्वी कार्टून विभागातला सहायक हजारो ओळी वाचून काढायचा. २०१६ पासून पहिली चाळणी वाचकांकडे आली. संकेतस्थळावर चित्राखाली एकेक ओळ येते आणि वाचक तीन बटणांपैकी एक दाबतो: विनोदी नाही, थोडी विनोदी, विनोदी. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी ही यंत्रणा उभी केली. तिची युक्ती अशी, की सुरुवातीला चांगली मतं मिळवणाऱ्या ओळी जास्त वाचकांना दाखवल्या जातात, म्हणजे पडणाऱ्या ओळींवर लोकांचा वेळ जात नाही. वर आलेल्या ओळींतून संपादक तीन निवडतात, आणि त्या तिघींवर पुन्हा वाचकांचं मत. बॉब मँकॉफ १९९७ ते २०१७ या काळात कार्टून संपादक होते. त्यांच्यानंतर हे काम एमा ॲलन यांच्याकडे आलं.

यातून लिहिणाऱ्याने काय घ्यायचं? तुमची ओळ वाचणारा माणूस त्याच चित्राची चाळिसावी ओळ वाचत असतो. त्याचं बोट बटणावर आहे. लांब ओळ तो शेवटपर्यंत वाचत नाही, आणि त्या बैठकीत आधी येऊन गेलेली कल्पना, ती तुमच्याकडे कितीही नीट मांडलेली असो, त्याला जुनी वाटते. एखाद्या विषयाची खास माहिती लागणारी ओळही इथे मागे पडते. चांगली ओळ हरते ती बहुधा यामुळे, आणि त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

मतं देण्याचं काम स्वतः करा. एका बैठकीत पन्नास ओळींना मतं द्या आणि वहीत खुणा करत जा: कोणती कल्पना किती वेळा आली, कुठली ओळ चुकीच्या पात्राची, कुठे स्पष्टीकरण जोडलंय. दोन-तीन आठवड्यांत चित्र बघताक्षणी 'सगळ्यांच्या' ओळी कोणत्या हे ओळखू यायला लागतं. पुस्तकं वाचून हे येत नाही.

परदेशातून इंग्रजी स्पर्धेत उतरणाऱ्या मराठी मंडळींसाठी एकच सूचना. मराठीत सुचलेली ओळ इंग्रजीत नेऊ नका. 'वर गेलीय' मधला खेळ तिकडे उरतच नाही. रकाने थेट इंग्रजीतच भरा आणि कामाच्या ठिकाणी, विमानात, दवाखान्यात कानावर पडणारी ठरीव वाक्यं त्यांत घाला. शाळेत शिकलेले वाक्प्रचार टाळा, कारण त्यांतले बरेच आता तिथे कोणी बोलत नाही.

स्वतः स्पर्धा घ्यायची असेल तर

मंडळात, ग्रंथालयात किंवा हस्तलिखितात अशी स्पर्धा घेणं सोपं आहे, फक्त चित्र नीट निवडलं पाहिजे. इंटरनेटवरून एखादं व्यंगचित्र घेऊन त्याची ओळ पुसून लावू नका. भारतात चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्या चित्रावर प्रताधिकार असतो. ओळखीच्या चित्रकाराकडून नवं चित्र काढून घ्या, मानधन आधी ठरवा, आणि विजेती ओळ त्याच्या सहीच्या चित्राखाली छापण्याआधी त्याला दाखवा.

चित्रकाराला चार गोष्टी सांगा. उघडं तोंड एकच. चित्रात पाटी, फलक, वर्तमानपत्राचा मथळा असं काही लिहिलेलं नको, कारण मग विनोद तिथेच ठरून जातो. दोन जगं ठळक. बोलणाऱ्याचा चेहरा फार रागावलेला किंवा हसरा नको, नाहीतर एकाच सुराच्या ओळी येतात. काळ्या शाईचं रेखाचित्र A४ आकारात असावं. छापायचं असेल तर ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, ३०० वर बारीक रेघा तुटतात.

जाहीर करण्याआधी पाच जणांना चित्र द्या आणि पाच मिनिटांत प्रत्येकी एक ओळ लिहायला सांगा. तिघांनी एकच कल्पना लिहिली तर चित्र बदला. तसं न केल्यास शंभर प्रवेशिकांत साठ सारख्या येतात आणि बक्षीस कोणाला द्यायचं यावर भांडण होतं.

मर्यादा १५ शब्दांची, माणशी एक ओळ, मुदत आठ ते दहा दिवस. प्रवेशिकेवर नाव नको, फक्त क्रमांक. नावांची यादी परीक्षकांपासून दूर ठेवा. परीक्षक तीन, आणि प्रत्येकाने आधी एकट्याने दहा ओळी निवडायच्या, मगच एकत्र बसायचं. एकत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली की ज्या ओळीवर पहिला हसतो तीच सगळ्यांची होते. सारख्या ओळींत आधी आलेली धरायची, हे नियमातच लिहा. शेवटच्या तीन ओळी चित्रासह भिंतीवर लावा आणि मत लोकांना देऊ द्या. पेटी आणि चिठ्ठ्या पुरतात.

पाठवलेल्या प्रत्येक ओळीची नोंद ठेवा: चित्र, तारीख, पाठवलेली ओळ आणि न पाठवलेल्या एकोणतीस. शेवटच्या तीन ओळी जाहीर झाल्या की ते पान उघडा. त्या तीनपैकी एखादीची कल्पना तुमच्या तीसांत होती का, ते बघा. असेल तर तिच्यासमोर खूण करा आणि तुम्ही ती का गाळलीत ते एका वाक्यात लिहा. नसेल तर ती कुठल्या रकान्यातून आली असावी ते शोधून, तो शब्द तुमच्या यादीत जोडा.